सातवा मुक्काम

"गुगलवर बघितलं मॅडम, काहीच नाही," हे वाक्य माझ्या ग्रंथालयात उच्चारायला बंदी आहे. तशी पाटी लावलेली नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. हिंगोलीच्या या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल आहे. नाव मधुवंती औंढेकर. पोरं माघारी मला काय म्हणतात तेही ठाऊक आहे, ते इथे लिहायची गरज नाही. इंटरनेट आलं तेव्हा माझ्या बरोबरीच्या ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला होता. मी ते शिकून घेतलं. संगणकाच्या खोलीत माझ्या अक्षरातला एक तक्ता आहे: नेमके शब्द हवे असतील तर अवतरणचिन्हात टाका, नको असलेला शब्द वजा चिन्ह लावून हाकलून द्या, पहिल्या पानावर थांबू नका, आणि कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, काहून लिहिलंय हे पाहिल्याशिवाय एक ओळही उतरवू नका. 'काहून' मी मुद्दाम ठेवलाय. 'का' म्हटलं की इकडची पोरं ऐकत नाहीत.

तर मागच्या जानेवारीत निता राठोड माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि नेमकं तेच वाक्य बोलली.

"काहीच नाही म्हणजे?" मी चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे आहे खूप, पण माझ्या कामाचं काहीच नाही."

हे उत्तर मला आवडलं. मी तिला बसायला सांगितलं.

निता साखऱ्याजवळच्या तांड्यावरची. एम. ए. पहिल्या वर्गात झालेली, आणि आता पीएच. डी.ला नाव घालण्याच्या खटपटीत. विषय तिने स्वतः निवडला होता: लमाणांची लदेणी. रेल्वे येण्याच्या आधी तिच्या समाजाचे लोक हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, ती लदेणी. तिचे आजोबा पेमा राठोड, वय पंच्याऐंशीच्या पुढे. स्वतः त्यांनी लदेणी पाहिलेली नव्हती, पण साखऱ्याकडून निघून पुसेगावावरून खाली पूर्णा नदीपर्यंतचे अकरा मुक्काम त्यांच्या आज्याने त्यांच्याकडून घोकून घेतले होते. निताने ते ओळीने वहीत उतरवून घेतले आणि त्यावरच विषय मांडला.

विद्यापीठाच्या समितीने तो परत पाठवला. आजोबांच्या गोष्टी म्हणजे इतिहास नव्हे, त्या काळातला एक तरी लेखी पुरावा आणा, नाहीतर विषय बदला. मुदत पंधरा दिवस. बदली विषयही त्यांनीच सुचवला होता: सोयाबीन उत्पादकांची स्थिती. त्या विषयावर आमच्याच ग्रंथालयात चार प्रबंध धूळ खात पडलेत, पाचवा ठेवायला कपाटात जागा नाही.

"राधाकृष्ण सर काय म्हणतात?" मी विचारलं. ते तिचे मार्गदर्शक.

"सरांनी विषय बदलायचा फॉर्म भरून ठेवलाय. फक्त माझी सही राहिली."

राधाकृष्ण सर फार भला माणूस. इतका भला की समोरच्याने खाकरलं तरी ते माफी मागतात.

"आणि तुला काय करायचंय?"

"सही करायची नाही," निता म्हणाली. "माझा दादा, म्हणजे आजोबा, खोटं बोलत नाही मॅडम. हे मला समितीसमोर खरं करून दाखवायचंय."

मग आम्ही कामाला लागलो. रोज दुपारी दोन ते पाच. माझ्या तक्त्यातला एकेक नियम लावून पाहिला. मराठीतून शोधलं, हिंदीतून शोधलं, इंग्रजीतून शोधलं. समाजाची जेवढी म्हणून नावं आहेत ती सगळी टाकून पाहिली. काय मिळालं? एकच लेख, बत्तीस ठिकाणी चिकटवलेला, चुकांसकट. लग्नातल्या नाचाचे व्हिडिओ. वधूवर सूचक मंडळं. एका हॉटेलचं नाव बंजारा, तेही दर वेळी सगळ्यांत वर हजर. हॉटेलला मी वजा चिन्ह लावून हाकललं, तर वधूवर मंडळं वर आली.

निता मात्र थकायची नाही. काय शोधलं, कुठे शोधलं, काय मिळालं नाही, सगळं तारीख घालून लिहून ठेवायची. न मिळालेलं कशाला लिहितेस असं मी विचारलं तर म्हणाली, "उद्या पुन्हा त्याच रस्त्यानं जायला नको." सत्तावीस वर्षांत ही गोष्ट माझ्या तक्त्यात आली नव्हती. मी ती गुपचूप खाली लिहून टाकली.

सहाव्या दिवशी माझा धीर सुटला. हो, तिचा नाही, माझा. माझ्या भाच्याने, अद्वैतने, मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं होतं; प्रश्न विचारला की ते फाडफाड उत्तर देतं. घरी भाजी निवडता निवडता मी त्याला विचारलं. त्याने काय सुरेख पुस्तक काढून दिलं! लेखक, साल, प्रकाशक, पान नंबर, आणि त्या पानावर हिंगोलीच्या लमाणांचं वर्णन. मला आनंदाने काही सुचेना. दुसऱ्या दिवशी दोन वाजेपर्यंतही थांबवलं नाही, निताला अकरालाच बोलावून घेतलं.

तिने सगळं उतरवून घेतलं आणि गप्प संगणकापुढे बसली. दीड तासाने माझ्याकडे आली.

"मॅडम, सात ग्रंथालयांच्या याद्या बघितल्या. हे पुस्तक कुठंच नाही. लेखकाच्या नावावर दुसरी पुस्तकं आहेत, हे नाही. आणि हा प्रकाशक सुरूच झाला त्या सालानंतर वीस वर्षांनी."

"मग एखाद्या यादीत राहिलं असेल!" मी जवळजवळ ओरडलेच.

"राहिलं असेल. पण मी बघितल्याशिवाय लिहिणार नाही."

माझाच नियम माझ्या तोंडावर. राग आला तो तिचा नव्हताच. कुणी लिहिलंय हे बघा असं पोरांना बजावणारी मी, आणि कुणीच न लिहिलेलं पुस्तक मी आनंदाने तिच्या हातात ठेवलं होतं. मला लाज वाटली. तसं मी तिला सांगितलं. ती नुसती म्हणाली, "चहा घ्यायचा का मॅडम?"

आठव्या दिवशी पेमा राठोड आले. सरकारी दवाखान्यात डोळा दाखवून झाला होता, आणि नातीला काम आटोपेपर्यंत त्यांना घरी पोचवायला वेळ नव्हता, म्हणून ती त्यांना ग्रंथालयातच घेऊन आली. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी, डोळ्यात औषध घातलेलं. मी त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली. अर्धा तास ते आमच्या दोघींची चिडचिड ऐकत बसले.

"काय हरवलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुमचेच बैल हरवलेत बाबा," मी म्हणाले. "या मशीनमध्ये जगातलं सगळं आहे म्हणतात. तुमचं नाव घेऊन विचारलं की काहीच सांगत नाही."

"नाव घेऊन कशाला इचारता?" म्हातारा हसला. "बाई, आमच्यात बैल हरवला तर 'माझा बैल दिसला का' असं कुनी इचारत नव्हतं. कोन सांगनार? ज्यानं बांधून ठेवला तो तर मुळीच न्हाई सांगनार. आमी गावात जाऊन इचारायचं, 'औंदा कुनाच्या रानात नुकसान झालं का हो?' मंग ज्याचं खाल्लं तो मानूस शिव्या घालत सोताच येतो. बैलाचा रंग, शिंग, खूर, कोनत्या वाटंनं आला, कोनत्या वाटंनं पळाला, समदं बराबर सांगतो. बैल इसरंल, पर ज्याचं पीक गेलं तो इसरत न्हाई."

निताचे हात कीबोर्डवर तसेच थांबले.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ह्यांच्या बैलांनी कुणाचं खाल्लं असेल?"

मी खडू उचलला. आठ दिवस आम्ही लमाणांबद्दल प्रेमाने लिहिणारा माणूस शोधत होतो. असा माणूस त्या काळात नव्हता. लिहिता येणाऱ्यांपैकी ज्याला त्यांचा त्रास झाला, त्याने लिहिलं असणार. आम्ही फळ्यावर यादी केली. हजारो बैल एका ठिकाणी उतरले तर कुणाच्या पोटात दुखेल? जकात घेणाऱ्याच्या. तळं राखणाऱ्याच्या. आणि हिंगोलीत तेव्हा पलटणीची छावणी होती, म्हणजे घोडे होते. घोड्यांना गवत लागतं. गवत राखणारा कुणी तरी साहेब असणारच, आणि साहेब म्हटला की तो तक्रार लिहिणारच.

मग इंग्रजीत शोधताना समाजाचं नावच टाकलं नाही. गवत, कुरण, तळं, छावणी, बैल, नुकसान, एवढंच टाकलं. काळ बांधून घेतला, आणि सगळ्या जगात न शोधता जुन्या पुस्तकांच्या एका मोफत संग्रहातच शोधलं. त्या दिवशी एकोणीस पुस्तकं निघाली. सोळा बिनकामाची. उरलेल्या तीन पुस्तकांतलं एक होतं छावणीच्या गवताचा बंदोबस्त पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा अहवाल, पानं चारशेच्या वर. मशीनने जुनी छपाई नीट वाचलेली नव्हती, त्यामुळे आतला मजकूर शोधून काही हाती लागेना. निता म्हणाली, "मग डोळ्यानंच वाचू." पहिली दोनशे पानं तिने घेतली, पुढची मी.

दोन दिवस लागले. गृहस्थ मोठा किरकिरा. त्याच्या घोड्यांचं गवत, त्याच्या तळ्याचं पाणी, त्याची बदली, सगळ्यावर तक्रार. मला तो थोडा आवडायलाही लागला होता. आणि अकराव्या दिवशी, चार वाजून वीस मिनिटांनी, पुस्तकाच्या शेवटच्या पुरवणीत मला ते पान दिसलं. लमाणांचे तांडे कुरणात शिरू नयेत म्हणून त्याने तांड्याच्या एका म्हाताऱ्या म्होरक्याला, नायकाला, कचेरीत बोलावून घेतलं होतं आणि वाटेवरचे मुक्काम विचारून लिहून काढले होते. एकाखाली एक, अकरा.

निताने वही उघडली. मी एक वाचायची, ती एक वाचायची. साहेबाने नावांची मोडतोड केली होती, तरी कुठलं कोणतं हे शेंबडं पोरही सांगेल. पहिला जुळला. दुसरा जुळला. पाचव्याला माझा आवाज फाटला. सातवा, चिलारमाळ, जुळला. अकराच्या अकरा जुळले, त्याच क्रमाने. शेवटचा पूर्णेच्या काठावरचा, सिद्धेश्वरजवळचा. मी ग्रंथालयात मोठ्याने ओरडले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच. राधाकृष्ण सर धावत आले, आणि काय झालं ते कळल्यावर त्यांनी खिशातला तो फॉर्म आमच्यासमोर फाडला. त्यांच्या मानाने हे फारच झालं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मला खोड आहे. पुरावा सापडला की तो तपासून बघायचा. समितीत कुणी तरी विचारणार, हे मुक्काम नकाशावर दाखवा. शेवटचा मुक्काम तर आता सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याखाली आहे, आजच्या नकाशावर तिथे नुसती निळाई. म्हणून मी धरणाच्या आधीचा मोजणीचा नकाशा शोधून काढला. तोही नेटवरच मिळाला. त्यात नदी होती, काठावर विहिरीची खूण होती. छान. मग बाकीचे दहा लावत गेले. सगळ्यांजवळ ओढा, झरा, नाहीतर विहीर. हजार बैलांना पाणी लागणारच. फक्त सातव्याजवळ काही नव्हतं. चिलारमाळ नावाचा माळ औंढ्याच्या बाजूला आजही आहे. नकाशात तो उंचावर होता आणि त्याच्या चारी बाजूंना दोन कोसांत पाण्याचा थेंब नव्हता.

"तेव्हा असेल," मी म्हणाले. "आटलं असेल."

"जाऊन बघू," निता म्हणाली.

तेराव्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटरवर आम्ही दोघी चिलारमाळावर गेलो. काळा खडक, त्यावर खुरटं गवत, बाकी वारा. खालच्या वाडीतल्या शालूबाई गोवऱ्या थापत होत्या, त्यांना विचारलं.

"माळावर पानी?" त्या खो खो हसल्या. "बाई, आमच्या सासऱ्याच्या सासऱ्यानं तिथं हीर खांदली व्हती म्हनं. नुसता दगड लागला. तवापासून ढोरं सुदीक तिकडं न्हेत न्हाईत."

परत येताना साखऱ्याचा फाटा आला तेव्हा निता मागून म्हणाली, "मॅडम, तांड्यावर घ्या."

पेमा राठोड दारातल्या लिंबाखाली बसले होते. त्यांची बायको रूपाबाई शेजारी ज्वारी पाखडत होती. निताने गाडीवरून उतरल्या उतरल्या विचारलं, "दादा, चिलारमाळावर पानी न्हाई. मी बघून आले. मंग लदेणी तिथं कशी उतरत व्हती?"

म्हातारा काठीने जमिनीवर रेघोट्या ओढत राहिला.

"सांगा की आता," रूपाबाई सूप खाली ठेवून म्हणाली. "पोरगी काय फौजदार हाय?"

"न्हाई उतरत," पेमा शेवटी बोलले. "चिलारमाळ मुक्काम न्हाईच."

"मंग मला काहून सांगितला?"

"तू लिहून राहिली व्हतीस."

निताला काही कळलं नाही. मलाही नाही. मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. त्या काळी कचेरीत बोलावून मुक्काम लिहून घ्यायचे. यादी झाली की तांडा पोचायच्या आधीच शिपाई पुढच्या पाण्यावर येऊन बसायचे. बैल अडवायचे, माणसं धरायचे. म्हणून सगळ्या नायकांनी मिळून ठरवलं होतं. दहा पाणी खरी सांगायची, म्हणजे साहेबाला शंका येत नाही. सातव्याला चिलारमाळ सांगायचा. शिपाई माळावर तहानलेले बसून राहतील, आणि तांडा दुसरीकडे पाणी पिऊन पुढे जाईल. लेकरांकडून दोन्ही पाठ करून घ्यायचे: एक यादी आपसात बोलायची, एक लिहिणाऱ्याला सांगायची.

"आज्यानं मला बजावलं व्हतं, लिहिणाऱ्यापुढं ते पानी तोंडातून काढायचं न्हाई. तू वही उघडली अन् माझ्या तोंडातून आपसूक चिलारमाळच निघाला. सवयच ती."

"मी परकी हाय का, दादा?" निताने विचारलं.

"तू न्हाई परकी," म्हातारा म्हणाला. "वही परकी हाय."

तिने वही माझ्याकडे दिली. पेमांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या अदबीने म्हणाले, "बाई, तुमी जरा रूपाबाईसंगं आत चहा घ्या." मला स्वतःच्या घरातून हाकलल्यासारखं वाटलं, पण गेले. खिडकीतून दिसलं ते एवढंच: म्हातारा त्यांच्या बोलीत काही तरी सांगत होता आणि निता त्याच्यापुढे मांडी घालून ते पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने माझ्या हातातून वही घेतली आणि न उघडता पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी राधाकृष्ण सरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "अगं, अकराला अकरा जुळतात! समितीला आणखी काय पाहिजे? माळावर पाणी आहे की नाही, हे कोण विचारणार आहे?"

"मी विचारलंय सर," निता म्हणाली. "आधी मला वाटलं, दोन पुरावे जुळले. पण साहेबाला सांगणारा आमचाच म्हातारा, दादाला सांगणारा पण आमचाच म्हातारा. तोंड एकच. एकाच तोंडातून निघालेलं दोन ठिकाणी सापडलं म्हणून खरं होत नाही."

"विषय जाईल गं तुझा."

"जाईल. पण मी खोटं लिहून विषय ठेवला तर दादाचं खरं करण्यात काय अर्थ राहिला?"

सरांनी माझ्याकडे आशेने पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण मीही म्हणाले, "निता, नुसती तळटीप टाक. मुख्य मजकुरात कशाला?" तिने मान हलवली. तिने रात्रंदिवस नाही, पण संध्याकाळी सातपर्यंत बसून सगळा आराखडा नव्याने लिहिला. पहिल्याच पानावर अकरा ओळींची यादी. सहावी ओळ, मग एक मोकळी ओळ, मग आठवी.

विद्यापीठातलं समितीपुढचं सादरीकरण खुलं होतं, म्हणून मीही निताबरोबर गेले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. समोर पाच जण. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, बोलणं कमी. निताने आधी अहवालाचं पान दाखवलं, पाच जणांच्या माना हलल्या. मग तिने चिलारमाळाचा जुना नकाशा दाखवला, खडकाचे फोटो दाखवले आणि स्वतःच्याच पुराव्यातला खोटेपणा आपल्या तोंडाने सांगितला. राधाकृष्ण सर डोळे मिटून बसले होते.

"म्हणजे लेखी पुरावा खोटा आहे, असं तुमचं म्हणणं," एक सदस्य म्हणाले. तोंडी इतिहासाची मागच्या वेळी सगळ्यांत जास्त टर उडवणारे तेच होते.

"एक ओळ खोटी आहे, सर. आणि ती मुद्दाम खोटी सांगितलेली आहे. आमच्या लोकांना नीट आठवत नव्हतं म्हणून नाही. त्यांना साहेबापेक्षा जास्त आठवत होतं म्हणून."

"मग खरा सातवा मुक्काम कोणता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मला माहीत आहे," निता म्हणाली. "पण तो मला न लिहिण्याच्या बोलीवर सांगितलाय. मी लिहिणार नाही."

"संशोधनात लपवाछपवी चालत नाही," तेच सदस्य पुन्हा म्हणाले.

"लपवलंय हे मी पहिल्या पानावर लिहिलंय, सर. कुणी लपवलं, कुणापासून लपवलं, कशासाठी लपवलं, तेही लिहीन. तेवढं सगळं तपासायला तुम्हाला मिळेल. फक्त नाव मिळणार नाही. नावाशिवाय विषय नापास होत असेल तर करा. मी सोयाबीनवर सही करणार नाही."

ती मागे सरली नाही. पाचही जण एकमेकांत कुजबुजले. अध्यक्षबाईंनी तिचं पहिलं पान पुन्हा हातात घेऊन ती मोकळी ओळ बराच वेळ पाहिली, आणि खाली सही केली.

"विषय मंजूर," त्या म्हणाल्या. "प्रबंधातही ही ओळ अशीच ठेवा. कुणी भरायला सांगितली तर माझ्याकडे पाठवा."

राधाकृष्ण सरांनी तिथेच डोळे पुसले. निता बाहेर आली ती सरळ माझ्या गळ्यात पडली, आणि मीही रडले. खोटं कशाला सांगू?

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मी मांडीवरच्या पर्सवर कागद ठेवून कॉलेजात द्यायचा रजेचा अर्ज भरत होते, पण लक्ष कुठे लागणार? आयुष्यभर लोकांना म्हणत आले, नीट शोधलं की सगळं सापडतं. आणि एक गोष्ट माझ्या शेजारी बसलेली असून मला सापडत नव्हती.

"निता," मी शेवटी विचारलंच. "मला तरी सांग. सातवं पाणी कुठलं?"

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मी पेन पर्समध्ये टाकलं, अर्जाची घडी घातली, आणि पर्सची चेन लावून दोन्ही हात रिकामे करून दाखवले.

ती हसली. मला वाटलं, आता सांगणार.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "तुमी घरी जाऊन लिहाल."

मला भयंकर राग आला. पण तिचं बराबर होतं. लिहिलंच असतं मी.